कोंचम

रविवारी, ऊन चढायच्या आत, दस्तगीर मिस्त्रींनी
टेबलावर तीन अ‍ॅक्शन मांडल्या.
नळी नाही, दस्ता नाही, घोडा नाही,
रायफलीचा नुसता गळा,
चादरीच्या तुकड्यावर. तुकड्यावर मोर होता, अर्धा.
उरलेल्या अर्ध्यानं मिस्त्री तेलाचे हात पुसतात.

मी वही आणली होती.
लग किती, बोल्ट किती अंशांत उठतो,
वजन ग्रॅममध्ये, किंमत शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं,
म्हणजे खोडता येते.
परवान्याच्या फायलीनं एकोणीस महिने खाल्ले होते.
पडताळणीला आलेला हवालदार म्हणाला,
'पन्नास मीटरवरनं कागदाला भोक पाडायला एवढा खर्च?
इथंच पाडून देतो की बे, पेननं.'

पहिली परदेशी. खोक्यात मखमल.
बोल्ट ओढला तर आवाजच नाही,
दुधावरची साय सरकावी तसा मागे आला.
वहीत तिच्यापुढे मी आधीच तारा काढलेला.
दुसरी नवी, काळीभोर. तिच्याबद्दल
मला आता काहीच आठवत नाही.
तिसरी कुणा निवृत्त सुभेदाराची, वापरलेली,
बोल्टच्या मुठीवरचा काळा रंग उडून
अंगठ्याच्या जागी पोलाद उघडं पडलेलं.

नायना मागे उभे. आधी गिरणीत जॉबर,
गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडला पॉवरलूमवर.
शंभर मागांच्या खडखडाटात
एकाचं दुखणं ओळखायचे. डावा कान त्यातच गेला.
त्यांनी चष्मा काढला. डोळे मिटले.
एकेक बोल्ट उजव्या कानाशी नेऊन मागे-पुढे केला,
तान्ह्याचा खुळखुळा आधी आपणच वाजवून बघावा तसा.
मग सदऱ्याच्या खिशाच्या शिवणीत बोट घालून
चिमूटभर काहीतरी काढलं,
रुईचा भुस्का, धूळ, तंबाखूही असेल थोडी,
आणि मखमलीतल्या राणीच्या वाटेत टाकलं.

'अरे नरसय्या, अडीच लाख!' मिस्त्री ओरडले.

बोल्ट अर्ध्यावर थांबला.
ढकलला तर करकरला. मला दातांत जाणवलं.
मग तेच तिसरीत. एकदा कुरकुरली, आणि गेला.

'धोट्याला पेटीत जागा नसली तर धोटा मरतो, बिड्डा.
कोंचम पाहिजे.'

कोंचम म्हणजे थोडंसं. आमच्या घरी हा शब्द
मिठाला लागतो, रागाला लागतो,
पाहुण्याच्या दुसऱ्या वाढीच्या भाताला.
लोखंडाला लागलेला मी पहिल्यांदा ऐकला.

पण मीही सहा वर्षं पालथी पडून नेम धरलाय.
म्हटलं, नायना, ढिल्या बोल्टाची गोळी
रोज नवं घर शोधते. दहाचं सोडून नऊ,
नऊचं सोडून कुणाचंही.
सुभेदाराचा बोल्ट पुढे नेला, मूठ खाली दाबली,
धरून हलवला.
हलेना.
उघडला, तर पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगतोय.
मिटला, तर भिंत.
पुन्हा उघडला. पुन्हा मिटला.
सात-आठ वेळा तरी केलं असेल, मिस्त्रींनी चहा मागवला.
उघडा असतो तेव्हाच मोकळा,
मिटल्यावर तिळाएवढीही फट नाही.
वळून पाहिलं तर नायना चष्मा पुसत होते,
अर्ध्या मोरानं. काच आणखीच तेलकट झाली.

वहीतला तारा मला खोडता आला नाही.
तो पेनाचा होता.

मिस्त्रींनी नंबर रजिस्टरात चढवला,
ब्रशनं रुई झाडत शिव्या घातल्या,
नायनांना तेलुगूत, मला मराठीत.
नळी दिवाळीनंतर. तोवर तो गळा त्यांच्या तिजोरीत
आणि माझा उजवा हात रिकामा.
जेवताना, सात रस्त्याच्या सिग्नलला, झोपेतसुद्धा म्हणे,
वर, मागे, पुढे, खाली.
आई बिड्या वळता वळता बघते.
सुपातली पानं सावरत विचारते,
'माश्या कुठं आहेत गं?'